फुसानला पोटभर जेवलेला निंगप्पा

हुलसूरच्या निंगप्पाची बोटं कापूस ओळखायची. चिमूटभर कापूस दोन्ही अंगठ्यांत धरून ओढला, की धागा किती लांब निघेल हे तो डोळे मिटून सांगे. भालकीच्या बाजारात मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं हे पाहिलं आणि जपानला येतोस का म्हणून विचारलं. निंगप्पा तोवर सोलापूरच्या पलीकडं गेला नव्हता. पण त्याच साली बायको बाळंतपणात गेली होती आणि घर खायला उठायचं. आई लिंगम्माला धाकट्या भावाच्या हवाली करून १९३१ साली तो बोटीत चढला.

पाच वर्षं कोबे बंदराच्या गोदामात गेली. गठ्ठा फोडायचा, नमुना ओढायचा, चिठ्ठी लावायची. कामापुरती जपानी भाषा जिभेवर बसली. पण थकवा असा मुरला होता, की सुट्टीच्या दिवशी झोपूनही अंग हलकं होईना. गावी जायचं दर साली ठरायचं आणि दर साली राहून जायचं.

छत्तीसच्या चैत्रात मालकानं त्याला कोरियातल्या एका गिरणीत नमुने दाखवायला फुसानला धाडलं. आता त्या गावाला बुसान म्हणतात. तेव्हा तिथं जपानचं राज्य होतं. काम दोन दिवसांत उरकलं, पण दर्या खवळला आणि परतीची बोट सुटेना.

गाव बघण्याजोगं होतं. डोंगर थेट पाण्यात उतरलेले आणि त्यांच्या अंगाला घरं चिकटलेली. समोरच्या बेटाकडं नवा लोखंडी पूल होता. मोठी बोट आली की पुलाचा एक तुकडा रस्त्यासकट वर उचलला जाई आणि पांढऱ्या कपड्यांतली माणसं कामं टाकून माना वर करून बघत राहत. निंगप्पाही बघे, पण उपाशी पोटानं. कारण बंदर सगळं मासळीचं. धक्क्यावर बायकांच्या डोईवर मासळीच्या पाट्या, दोरीवर वाळत घातलेली मासळी, कोबीच्या लोणच्यातसुद्धा मासळीचं पाणी. लिंगायताच्या घरचा माणूस चार दिवस नुसत्या भात-मिठावर होता.

तो उतरला होता त्या खानावळीची म्हातारी हे बघत होती. पाचव्या सकाळी तिनं त्याला डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घेऊन पूजा करताना पाहिलं. पूजा होईस्तोवर ती दारात उभी राहिली. मग मोडक्या जपानीत म्हणाली, "चल. तुझ्यासारखं जेवणारी माणसं डोंगरावर आहेत."

गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी नावाजलेल्या एका वस्तीपर्यंत दोघं ट्रामनं गेली. तिथून दोन तासांची चढण होती. पाइनची झाडं, ओढ्यातले हत्तीएवढे धोंडे, ठेंगण्या दगडी खांबांवर उभी असलेली जुनी लाकडी कमान. तिच्यापुढं बौद्धांचा मठ होता. म्हातारी तिथल्या भिक्षूंशी काहीतरी बोलली. भात आला, तिळाच्या तेलात परतलेल्या रानभाज्या आल्या, मिठातला मुळा आला. निंगप्पानं तीनदा भात मागून घेतला. जेवता जेवता त्याच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. ते पुसायचंही त्राण नव्हतं.

उतरताना म्हातारी म्हणाली, "माझा मुलगा जपानात आहे, कोळशाच्या खाणीत. तीन वर्षं झाली. तुझी आई आहे?"

"आहे."

"वाट बघते?"

"पाच वर्षं झाली."

म्हातारी थांबली. रागानं म्हणाली, "मग इथं काय करतोस?"

कोबेला परतताच त्यानं नोकरी सोडली. आषाढात हुलसूरला पोचला, तोवर लिंगम्माची नजर गेलेली होती. तिनं त्याचं तोंड चाचपलं.

"निंगण्णा, किती वाळलास रे."

मग रोज दुपारी तिचं एकच चालू झालं. "त्या गावाचं सांग की."

सांगून सांगून तो कंटाळायचा, पण सांगायचा. डोंगर, पूल, मठातला भात. एकदा तिनं विचारलं, "त्या बाईचं नाव काय व्हतं?"

"इचारलं न्हाई, अव्वा."

"कामून न्हाई इचारलं? तुला जेवू घातलं की तिनं."

पुढं कितीतरी दिवस ते निंगप्पाला टोचत राहिलं.

तीन वर्षांनी लिंगम्मा गेली, त्याच्याच मांडीवर. निंगप्पानं दुसरं लग्न केलं नाही. भालकीच्या बाजारात कापूस पारखत राहिला. अठ्ठेचाळीसच्या गडबडीत संस्थानात लुटालूट-जाळपोळ सुरू झाली आणि सरहद्दीवरची गावं रिकामी व्हायला लागली. भाऊ बायकापोरं घेऊन सरहद्दीपलीकडं बार्शीला निघाला.

"दादा, चल. जीव वाचवायचाय."

"तुम्ही जावा. म्हैस गाभण हाय, तिला कोण बघंल? अन् मला आता कुठंच जाववत न्हाई रे."

भाऊ रडला, पण निघाला. दिवाळीच्या सुमाराला तो भीत भीत परत आला. शेजारची चार घरं जळालेली होती. यांचं घर उभं होतं, अंगण झाडलेलं होतं, गोठ्यात पारडू होतं, आणि निंगप्पा ओट्यावर भर दुपारी गाढ झोपला होता.

भावानं त्याला उठवलं नाही.