मोठ्यानं विचार करणारे दाजी

दाजींची आणि माझी शेवटची भेट मी निव्वळ घाबरटपणात घालवली. दवाखान्यात दुपारी त्यांच्याजवळ मी होतो. ताई, म्हणजे दाजींची पत्नी आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, आंघोळीपुरत्या घरी गेल्या होत्या. पेपर वाचता वाचता मला डुलकी लागली आणि कॉटवरून आवाज आला, "हाई नळी तठून येस… मंग हाई दुसरी कसाले शे?… आते काय करानं?" दचकून बघितलं तर दाजी छताकडं डोळे लावून कुणाशी तरी बोलत होते, तेही अहिराणीत. मी पळत जाऊन सिस्टरना सांगितलं, "पेशंट बरळतोय!" सिस्टर आल्या, मागोमाग डॉक्टर आले, डोळ्यांत टॉर्च मारून झाला, नाव विचारलं, वार विचारला. दाजींनी सगळं बरोबर सांगितलं, डॉक्टरांना नमस्कार केला आणि ते गेल्यावर माझ्याकडं बघून म्हणाले, "साडूभाऊ, पंचवीस वर्षं ओळखता ना मला? या नळ्या कशाच्या, असा विचार करत होतो हो मी!"

त्यानंतर थोड्याच दिवसांत दाजी गेले. त्याला आता महिना होत आला. ताई रडल्या, आल्यागेल्याचं सगळं नीट केलं आणि मग बोलायच्या थांबल्या. रुसवा नाही, त्रागा नाही. विचारलं तर उत्तर येतं, "हो", "नको", "जेवले". आपणहून मात्र एक शब्द नाही. माझी बायको शैला रोज संध्याकाळी मला स्कूटरवर बसवून… म्हणजे चालवतो मी, पण नेते तीच… बहिणीकडं जाते. तासभर बसतो. शैला एकटीच बोलते, मी पंख्याकडं बघतो. घरी परतताना शैलाचा चेहरा असा होतो की मी सिग्नलसुद्धा पाळतो.

दाजी मूळचे नामपूरचे. उभी नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात झाली. तिथं म्हणे जोडीनं काम करताना एकानं हात काय करतोय ते तोंडानं बोलायचं आणि दुसऱ्यानं ऐकायचं, अशी त्यांच्या पहिल्या साहेबांची शिस्त होती. साहेब गेले, दाजी निवृत्त झाले, पण तोंड काही निवृत्त झालं नाही. चष्मा हरवला की हॉलमध्ये उभं राहून सुरू करायचे, "टीव्हीवर नाही… उशाखाली नाही… मग पेपर कुठं वाचला आपण?" आतून ताईंचा आवाज यायचा, "गॅलरीत. आणि मग फोन आला." "हां!" म्हणून दाजी फोनजवळून चष्मा उचलायचे. काळजीची गोष्ट असली की हेच अहिराणीत चालायचं. लग्नानंतर पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी शैलाला हळूच विचारलं होतं, "तुझ्या दाजींना काही… त्रास वगैरे आहे का?" तिनं ते लगेच ताईंना सांगितलं, ताईंनी दाजींना. तेव्हापासून मी घरात शिरलो की दाजी म्हणायचे, "या डॉक्टर!"

या माणसाचा आमच्या मुक्ताच्या शिक्षणाशी संबंध येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मुक्ता आमची एकुलती एक. गणितात हुशार, पण तोंडात मूग. उत्तर शंभर टक्के पक्कं झाल्याशिवाय ओठ उघडायची नाही. शाळेत, क्लासमध्ये त्याचं कौतुकच झालं. बारावीच्या वर्षी तिनं जाहीर केलं की तिला गणित शिकायला इंग्लंडमधल्या एका जुन्या विद्यापीठात जायचंय. हे विद्यापीठ म्हणजे एक इमारत नव्हे. पंचवीस-तीस कॉलेजं, प्रत्येकाची जेवणाची खोली वेगळी, लायब्ररी वेगळी, हिरवळ वेगळी. अर्ज करताना त्यातलं एक निवडायचं आणि मग त्याच कॉलेजातले प्राध्यापक मुलाखत घेणार. मी माझं कॉलेज बस समोर थांबते म्हणून निवडलं होतं. त्या अनुभवाच्या जोरावर मी नदीकाठच्या, उंच मनोऱ्याच्या एका कॉलेजचं नाव लावून धरलं. फोटो फार छान होता.

दाजींनी फोटो मोबाईलवर मोठा करून बघितला. "मनोरा… ठीक. नदी… ठीक. आता मुलगी राहणार कुठं? इथं. जेवणार कुठं? तिथं. मधे हे सगळं उघडं मैदान. डिसेंबरात बर्फात ही जेवायला जाईल? नाही जाणार. बिस्किटं खाऊन झोपेल."

"अहो दाजी, आपण खानावळ शोधत नाहीये."

"मग काय, तुम्हाला मनोऱ्यावर चढायचंय?"

त्यांनी एक छोटं, विटांचं कॉलेज निवडलं. कारण काय, तर आवारातल्या फोटोत मुलं दोघा-दोघांनी बोलत उभी होती. "माझ्या फोटोत एकटी पोरं पुस्तक घेऊन बसली आहेत, तो अभ्यास आहे," मी म्हटलं. "गप्प पोर आपल्याकडं एक आहे, अजून कशाला?" दाजी म्हणाले. तीन आठवडे आम्ही दोघं साडू अशा दोन कॉलेजांवरून भांडलो, जी आम्ही दोघांनीही कधी बघितली नव्हती. शेवटी मुक्तानं दाजींचं निवडलं. मी दोन दिवस जेवताना कमी बोललो. कुणाच्या लक्षात आलं नाही.

खरी पंचाईत मुलाखतीची होती. तिथं म्हणे उत्तराला फारसं महत्त्व नाही. अनोळखी प्रश्न देतात आणि तुम्ही कसा विचार करता ते ऐकतात. म्हणजे विचार ऐकू यायला हवा. आणि आमची मुलगी विचार करताना भिंतीसारखी दिसते. तालमीची जबाबदारी आधी मी घेतली. कोट घातला, टाय लावला, आमच्या बँकेत प्रमोशनला विचारायचे तसे प्रश्न विचारले. मुक्ता माझ्याकडं बघत राहिली. दाजी कोपऱ्यातून म्हणाले, "साडूभाऊ, पोरगी कर्ज मागायला आलेली नाही."

दुसऱ्या दिवसापासून तालीम दाजींच्या घरी, त्यांच्या हॉलमध्ये. त्यांना तिचं गणित येत नव्हतं, आणि तसं ते सरळ सांगायचे. त्यांनी पहिला प्रश्न टाकला, "आमच्या नामपूरच्या मार्केटात कांद्याची ट्रॉली येते. तिच्यात कांदे किती?" मुक्ता गप्प. बऱ्याच वेळानं म्हणाली, "काका, नक्की नाही सांगता येणार."

"मग अनक्की सांग ना!"

पुन्हा गप्प. डोळ्यांत पाणी यायला लागलं. मी मधे पडणार, तेवढ्यात दाजींनी स्वतःच सुरुवात केली. "एक कांदा… माझ्या मुठीएवढा. माझी मूठ मोठी, तुझी घेऊ. ट्रॉली… लहानपणी झोपायचो मी तिच्यात. पाय ताणून झोपलो की डोक्याकडं अजून एक पोरगं मावायचं. म्हणजे लांबी दोन पोरं…" मुक्ता हसली. "उंची फळीएवढी, म्हणजे माझ्या कमरेपर्यंत…"

"फळीच्या वर ढीग असतो," स्वयंपाकघरातून ताई म्हणाल्या.

"हां! ते राहिलंच होतं." दाजी इतके खूश झाले की जणू चूक सापडणं हेच उत्तर होतं. मग मुक्ताकडं वळून म्हणाले, "बघ, मी मनात धरून बसलो असतो तर ढीग राहिलाच असता. बोललं की दुसऱ्याला चूक धरता येते. आमच्याकडं गप्प राहून केलेली चूक विमानाबरोबर वर जायची, बेटा."

मग रोज संध्याकाळी तेच. मुक्ता अडखळायची, थांबायची, दाजी नुसतं "मग?" म्हणायचे. हळूहळू तिचं तोंड उघडलं. घरी भाजी चिरतानाही बडबडायला लागली. एकदा मी कंटाळून म्हटलं, "अगं, मनात कर ना!" तर शैला माझ्यावर अशी खेकसली की मीच मनात करायला लागलो.

मुलाखत ऑनलाइन होती. मुक्ता आत, दार बंद, आम्ही चौघं बाहेर सोफ्यावर ओळीनं. दाजींना बोलायची बंदी होती, म्हणून त्यांनी तोंडाला मफलर लावला होता. आतून मुक्ताचा आवाज यायला लागला, इंग्रजीत, भराभर. मग तो थांबला. शांतता. ताईंनी शैलाचा हात धरला. मफलरच्या आत दाजींचे ओठ हलत होते. शांतता लांबली, लांबत गेली… मला वाटलं, संपलं, भिंत पुन्हा उभी राहिली. आणि मुक्ताचा आवाज आला, मोठा, स्वच्छ. दाजींनी मफलर खाली ओढून माझा गुडघा दाबला. "राँग म्हणाली ना ती? 'धिस इज राँग, लेट मी ट्राय अगेन', असंच ना? राँग म्हणाली पोरगी!" त्यांचे डोळे भरून आले होते. चूक झाली म्हणून इतका आनंदी झालेला माणूस मी दुसरा बघितला नाही.

दाजींच्या कॉलेजनं तिला घेतलं नाही. तिथं अशी पद्धत आहे की एका कॉलेजात जागा नसली तर चांगल्या मुलांची नावं दुसऱ्या कॉलेजांपुढं जातात. मुक्ताला एका तिसऱ्याच कॉलेजनं बोलावलं, ज्याचं नाव आमच्या भांडणात एकदाही आलं नव्हतं. दाजींनी त्याचा फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाले, "बरं झालं. आता आपण दोघं बोलायला मोकळे."

मुक्ता तिकडं गेली. दाजी गेले तेव्हा तिची परीक्षा होती, तिला येता आलं नाही. ती ताईंना रोज फोन करते. ताई म्हणतात, "हो, बरी आहे," आणि फोन शैलाच्या हातात देतात.

परवा संध्याकाळी आम्ही ताईंकडून निघत होतो. ताई आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होत्या. शैला दारात चप्पल घालायला लागली आणि मला स्कूटरची किल्ली सापडेना. माझं असं नेहमीच होतं, पण त्या दिवशी कसं कोण जाणे, मी हॉलमध्ये उभा राहून मोठ्यानं सुरू केलं. मुक्ताच्या तालमीत माझीही थोडी तालीम झाली असावी. "खिशात नाही… टीपॉयवर नाही… आलो तेव्हा हातात भाजीची पिशवी होती… पिशवी ओट्यावर ठेवली… ओट्यावर नाही…"

"त्याआधी पाणी प्यायलात," आतून आवाज आला. "माठावर बघा."

मी जागच्या जागी थिजलो. शैला एक पाय चपलेत, एक बाहेर, अशी उभी. किल्ली माठाच्या झाकणावर होती. "हां!" मी म्हटलं, आणि ते अगदी दाजींच्या आवाजात निघालं, माझी इच्छा नसताना.

ताई दारापर्यंत आल्या. हातात अर्धी घडी झालेला दाजींचा सदरा. माझ्याकडं नीट बघून म्हणाल्या, "तुम्हाला नाही जमत त्यांच्यासारखं. ते आधी किल्लीला दोन शिव्या घालायचे, मग शोधायचे." आणि सदऱ्याची घडी पुरी करत, "हेल्मेट राहिलंय तुमचं. सोफ्यामागं पडलंय."

कॉलेज रोडच्या सिग्नलला थांबलो तेव्हा मागून शैलानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "अहो, उद्या पण किल्ली हरवा."