आक्कांची न नेसलेली लुगडी

तुम्ही नातवंडांनी फोनवर विचारलेत, "आजोबा मंत्री होते म्हणजे नेमके काय करायचे?" मी म्हटले, लिहून पाठवते. क्रमाने लिहायचे ठरवले होते. निजामाच्या काळातला तुरुंग, पोलीस ॲक्शननंतरची सुटका, वकिली, निवडणुका, मुंबईचा बंगला, दिव्याची गाडी. पण ते सगळे त्यांच्या गौरवग्रंथात नीट छापलेले आहे. त्यात नाही ते एवढेच, की आमच्या कपाटाचा खालचा कप्पा नऊवारी लुगड्यांनी भरलेला आहे आणि त्यातले एकही माझे नाही.

ती आक्कांची. आक्का म्हणजे आजोबांच्या थोरल्या बहीण. आई लवकर गेली, तेव्हा त्यांनीच आजोबांना लहानाचे मोठे केले. त्यांचे सासर गंगेकाठी. आपल्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. काळी जमीन, आणि दारातून उतरले की पाणी.

मग धरण आले. गाव पाण्याखाली जाणार होते. आजोबा नुकते मंत्री झाले होते. गाव उठायला तयार नव्हते, म्हणून ते स्वतः गेले. मीही बरोबर होते. मारुतीच्या पारावर उभे राहून त्यांनी सांगितले, "नवं गाव वर माळावर बसेल. तिथं पाणी मी आणून देतो. माझी बहीण याच गावात आहे, तिला तहानलेली ठेवीन का?" कुणी जागचे हलले नाही. आक्का बायकांतून उठल्या, घरी गेल्या आणि सुताराला बोलावून आपल्या घराची चौकट काढायला लावली. साहेबांची बहीणच निघाली म्हटल्यावर गाव निघाले.

कालवा झाला, पण माळाच्या खालून गेला. इंजिनिअर आमच्या दिवाणखान्यात नकाशा पसरून बसले होते, ते मला आठवते. "साहेब, पाणी उताराने जातं. गाव वर आहे." आजोबांनी नकाशा दोनदा फिरवून पाहिला. फिरवल्याने उतार बदलणार नव्हता.

त्या दिवाळीत आक्का लासूर स्टेशनवरून गाडीने आल्या. आमचे गारखेड्याचे घर तेव्हा नवे होते, भोवती ज्वारीची शेते होती. स्वयंपाकघरातल्या नळाला धरणाचे पाणी यायला लागले होते. आक्का ते ओंजळीत घेऊन प्यायल्या.

"चव तीच हाय," त्या म्हणाल्या. "आमच्या अंगणावरून आलं जणू."

भाऊबीजेला त्यांनी ओवाळले. आजोबांनी गुलमंडीच्या बाजारातून आणलेले हिरवे लुगडे ताटात ठेवले. आक्कांनी ते उचलून माझ्या हातात दिले.

"वैनी, ठिवून द्या. पाणी आलं की नेसंन."

"आक्का, बहिणीनं ओवाळणी परत केली असं म्हणतील लोक," आजोबा हसत म्हणाले, पण चेहरा उतरला होता.

"परत कुठं केली? तुझ्यापाशीच ठिवली. आन् लोकांचं सांगू नको मला. टँकर आला की बाया इचारतात, आक्का, तुमच्या भावाचं पाणी कुठवर आलं? वाटंत चहाला थांबलं का?" मग त्याच हसल्या. "एवढा मंत्री झालास, पर पाण्याला चढ चढवता येईना व्हय तुला?"



पुढे दर वर्षी असेच. ते लुगडे आणायचे, आक्का ओवाळून ते माझ्याकडे द्यायच्या, मी घडी घालून कडुलिंबाच्या पाल्यात ठेवायची. खाती बदलली, मुख्यमंत्री बदलले. आजोबांनी किती गावांना शाळा दिल्या, रस्ते दिले, देवगाव रंगारीकडचे लोक अजून त्यांचे नाव काढतात. त्या एका माळासाठी त्यांनी जेवढ्या बैठका घेतल्या, तेवढ्या बाकी कशासाठी घेतल्या नसतील. अखेर पंप बसवून पाणी वर चढवायचे ठरले. उद्घाटनाला नारळ फुटला, टाकीत पाणी पडले, पोरे त्यात नाचली. आजोबांनी भर मांडवात मला खूण केली. मी लुगडे पिशवीतून आणलेच होते.

आक्का म्हणाल्या, "थांब की लेका. एक उन्हाळा जाऊ दे."

तो उन्हाळा यायच्या आत आजोबांचे मंत्रिपद गेले. पंप जळला. दुरुस्त झाला, पुन्हा जळला. मग बिल थकले आणि विजेची जोडणीच तोडली गेली. पुढच्या निवडणुकीत त्यांना तिकीट मिळाले नाही, आणि वर्तमानपत्रांत नावाआधी 'ज्येष्ठ नेते' लागायला लागले. म्हणजे समारंभात पहिल्या रांगेत बसायचे, समई लावायची आणि घरी यायचे. तरी सकाळी आंघोळ झाली की ते पंपासाठी पाटबंधाऱ्याच्या कचेरीला फोन लावायचे. एकदा पलीकडच्या तरुण अधिकाऱ्याने विचारले, "आपण कोण?" आजोबांनी नाव सांगितले. पुन्हा सांगितले. मग जिल्हा सांगितला. मी भाजी निवडत होते, ती तशीच हातात राहिली. माझे इंग्रजी चांगले म्हणून पुढचे अर्ज मी लिहायला लागले. उत्तरे नम्र यायची.

शेवटच्या वर्षी आजोबा अंथरुणावरच होते. डावा हात चालत नव्हता, बोलणे मात्र स्पष्ट होते. आक्का जीपने आल्या. त्याही वाकल्या होत्या. मी आजोबांना उशीला टेकवून बसवले, आक्कांनी ओवाळले. ताटात लुगडे ठेवायला आजोबांना माझा हात लागला.

आक्कांनी ते उचलले आणि छातीशी धरले.

"वैनी, आत चला. निऱ्या धरा माझ्या."

आजोबा एकदम म्हणाले, "आक्का, पाणी आलं?"

"नाय रे."

"मग?"

"मग काय? किती दिस राखायचं? नेसते आता."

"नको, आक्का. पंपाचं चाललंय. हिनं कालच अर्ज धाडलाय. विचार हिला."

मी अर्ज धाडला होता. मी मान डोलावली. आक्कांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "दमलास तू," एवढेच त्या त्यांना म्हणाल्या.

आत मी निऱ्या धरल्या. कोऱ्या कापडाची खळ हाताला लागत होती. बाहेर येऊन त्या पलंगापाशी उभ्या राहिल्या आणि लहान मुलाला विचारावे तसे त्यांनी विचारले, "कसं दिसतंय?"

ज्यांनी सभा गाजवल्या, ते तुमचे आजोबा म्हणाले, "आक्का, काढ ते. माझ्यासाठी काढ."

आक्कांनी काढले नाही. त्या त्यांच्या उशाशी बसल्या आणि कपाळावरून हात फिरवत राहिल्या. आजोबांनी तोंड भिंतीकडे केले होते. संध्याकाळी त्या तेच नेसून जीपमध्ये बसल्या. आजोबांनी मला त्यानंतर एकदाही अर्जाबद्दल विचारले नाही, आणि माघ लागायच्या आत ते गेले.

बाकीची लुगडी अजून कपाटात आहेत. घडीवर विरत चालली आहेत. काल पाला बदलला.