जास्त राग कोणाला आलाय?

डॉ. सलमा मॅडमांची माझी पहिली भेट बेलापूरला, आमच्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत झाली. मी तिथे ब्रदर म्हणून नुकताच लागलो होतो. गोळी लागलेल्या एका तरुणाची जखम बांधून झाल्यावर मॅडम त्याच्याजवळ बसल्या आणि पिस्तूल कुठून आलं, सोबत कोण होतं, हे विचारू लागल्या.

"मॅडम, हे तर पोलिसांचं काम," मी म्हणालो.

"पोलीस विचारतील, कोणी मारलं. मला शोधायचंय, पुढची गोळी कशी टळेल."

हेच त्यांचं संशोधन. अशा प्रत्येक तरुणाशी बोलून त्यांच्या ध्यानात आलं की, बदला घ्यायला बहुधा जखमी जात नाही, घरातलाच दुसरा कोणी जातो. तेव्हापासून त्यांनी विभागात रीत घातली. डिस्चार्जआधी विचारायचं, "तुझ्यापेक्षा जास्त राग कोणाला आलाय?" आणि त्या माणसाला बोलावून घ्यायचं.

खाडीकाठच्या गावातल्या महेशला हळदीच्या नाचात झालेल्या भांडणात तळहातावर गोळी लागली. त्याने थोरल्या भावाचं नाव घेतलं. भाऊ आला तो उभ्यानेच म्हणाला, "तुमी टाके घाला मॅडम. बाकीचं आमी बघून घेतो."

"बघ की. ब्रदर, यांच्यासाठीपण एक खाट धरून ठेवा."

महेश कळवळतानाही हसला. भाऊ हसला नाही. मॅडमांनी आवाज खाली आणला. "याची बोटं रोज व्यायाम केला तरच चालतील. आईला ते बघवणार नाही. तूच करून घ्यायचंस, इथे, माझ्यासमोर. तू तुरुंगात गेलास तर याला कोण आणेल?"

भाऊ रोज येऊ लागला. धाकट्याचं एकेक बोट सरळ करताना त्याचेच डोळे भरून येत. महेश चिडवायचा, "दादा, दुखतंय मला, नि रडतोस तू?" एका सकाळी भाऊ मॅडमांना हळूच म्हणाला, "घरात एक वस्तू हाय. काय करू?" मॅडम वकिलाला घेऊन ते पिस्तूल जमा करायला स्वतः त्याच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेल्या.

माझी एकादशीही त्यांना माझ्याआधी आठवे. टेबलावर केळी ठेवलेली असत.

साठी झाली, निवृत्त होऊन मॅडम रायगडात आपल्या गावी गेल्या. आता तो प्रश्न मी विचारतो. शब्द तेच, पण पोरं माझ्याशी तशी मोकळी होत नाहीत. मग नकळत माझी नजर दाराकडे जाते.

देवापाशी मी त्यांच्यासाठी उदंड, निरोगी आयुष्य मागतो. त्यात माझाही स्वार्थ आहे. त्यांनी एकदा यावं, दिवसभर कॅज्युअल्टीत बसावं, गोळी लागलेलं एकही पोर आत येऊ नये आणि संध्याकाळी त्यांनीच कंटाळून म्हणावं, "निघते हो ब्रदर. इथे आता माझं काय काम?"