पाहुणीचा डावा डोळा

गल्लीत त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे. एकतीस वर्षं त्यांनी शाळेच्या स्वयंपाकघरात रस्सा वाढला. ती पोरं मोठी होऊन पोरांचे बाप झाली, तरी रस्त्यात भेटली की ताटली पुढे केल्यासारखा हात करायची आणि म्हणायची, "पळीकाकू, अजून थोडं." काकूंच्या एप्रनच्या खिशात लांब दांड्याची पळी कायम. बाजारात जातानाही ती काढायची राहून जाई, आणि भाजीवाला म्हणे, "काकू, तलवार आत ठेवा, कोबी घाबरतो."

त्यांची कीर्ती अशी, की हंड्याला तोंड न लावता नुसत्या वाफेवरून त्या मीठ सांगायच्या. "चिमूटभर कमी आहे," म्हणायचं, चिमूटभर टाकायचं आणि पाठ फिरवायची. मुख्याध्यापिकाबाई बाहेरच्या पाहुण्यांना वर्ग नंतर दाखवायच्या, आधी हे दाखवायच्या.

दोन वर्षांपूर्वी काकूंना आठवडाभर ताप आला. ताप गेला तो वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. आधी त्यांना वाटलं, कॉफीच भेसळीची आहे. मग एक दिवस दूध करपलं. ते शेजारणीला भिंतीपलीकडे कळलं आणि काकूंना शेगडीसमोर उभं राहून कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, "येईल परत, कदाचित." काकूंनी शाळेत गुडघे दुखतात म्हणून सांगितलं आणि काम सोडलं. गुडघे ठणठणीत होते. जिन्यात कुणी दिसलं की तेवढ्यापुरत्या लंगडायच्या, तेही कधी उजव्या पायानं, कधी डाव्या.

खरं कुणालाच सांगितलं नव्हतं. धाकट्या बहिणीला तर नाहीच. बहिणीचं शिवणकामाचं दुकान. तोंडात सदा टाचण्या, त्यामुळे ती ओठांच्या कोपऱ्यातून बोलायची आणि प्रत्येक वाक्य निकाल वाचल्यासारखं. तिला कळलं असतं तर तिनं काकूंना खुर्चीत बसवलं असतं, मांडीवर शाल टाकली असती आणि शेगडीपासून चार हात लांब ठेवलं असतं. आणि नेमकं भाचीचं लग्न तोंडावर आलं होतं.

ही भाची काकूंच्या ओट्यापाशीच वाढलेली. पाच वर्षांची असताना तिनं तोंडभर रस्सा घेऊन बजावलं होतं, "माझ्या लग्नात हाच. आणि तूच करायचा." काकूंनी पळीवर हात ठेवून शपथ घेतली होती. आता भाचीला नवरा मिळाला, हॉल ठरला, ऐंशी माणसं ठरली, आणि ती शपथ तशीच दारात उभी.

अशात वरच्या खोलीत पाहुणी राहायला आली. एकोणीस वर्षांची, दूर देशची, पाठीवर स्वतःपेक्षा मोठी बॅग. सहा महिने इथं शिकायचं आणि सुट्टीत हिंडायचं. इथली भाषा ती पुस्तकातून शिकून आली होती, म्हणून मीठ हवं असलं की म्हणायची, "कृपया मला मीठ देण्याचे करावे." चेहरा मात्र पुस्तकातून शिकलेली नव्हती. पहिल्याच घासाला तिचा डावा डोळा आपोआप मिटला आणि हात पाण्याकडे धावला. "अतिशय उत्तम आहे," ती म्हणाली आणि सबंध पेला एका दमात प्यायली.

काकू चमकल्या. मीठ दोनदा पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हात आखडता घेतला. पाहुणी घास चावत खिडकीबाहेर बघत बसली. खिडकीबाहेर भिंत होती. काकू मनाशी म्हणाल्या, अळणी. महिन्याभरात त्यांना सगळं पाठ झालं. डावा डोळा म्हणजे खारट. खिडकी म्हणजे अळणी. नाकपुड्या फुगल्या की आंबट जास्त. आणि जीभ हळूच वरच्या ओठावरून फिरली की जमलं. मग रोजच, "बघ गं, गरम आहे का," म्हणत त्या शेगडीपाशीच तिच्यापुढे पळी धरायला लागल्या. पोरीला वाटलं, किती प्रेमळ बाई. तेही खोटं नव्हतं.

दुपारी पाहुणी आईशी फोनवर बोलायची. ती भाषा काकूंना कळत नसे, पण सूर कळायचा. पहिल्या आठवड्यात तो पाय ओढत चालायचा. अख्खा मासा वाढला त्या दिवशी तर ती हातांनी मासा किती मोठा ते दाखवत नव्हती, माशाचा डोळा किती मोठा आणि तो कसा बघत होता ते दाखवत होती. मग सूर हळूहळू माडीवर चढायला लागला. भाचीचं लग्न ठरल्याच्या मेजवानीला तर एका म्हाताऱ्या मामांनी तिला नाचायला ओढलं. ती एका पायात बूट घालून परत आली आणि बराच वेळ आईला त्या बुटाची गोष्ट सांगत हसत होती.

एकदा आईनं फोनच्या पडद्यावर तिला जेवताना पाहिलं. पलीकडचा आवाज चढला. आया ज्या सुरात दटावतात तो सूर सगळ्या भाषांत एकच असतो, काकू गालात हसल्या. आणि दुसऱ्या दिवसापासून पाहुणीचा चेहरा शांत झाला. डोळा मिटेना, नाक फुगेना. प्रत्येक घासाला जीभ वरच्या ओठावरून एकदा फिरे आणि वर एक गोड "छान". काकूंना वाटलं, हात बसला. आता लग्नाची काळजी नाही.

लग्न रविवारी. गुरुवारी बहीण नमुना चाखायला आली. काकूंनी शेगडीपाशी पळी पुढे केली, पाहुणी म्हणाली, "छान," आणि काकूंनी निर्धास्तपणे वाडगा बहिणीसमोर ठेवला. बहिणीनं टाचण्या काढून ओट्यावर ओळीनं लावल्या, एक चमचा तोंडात घेतला आणि सरळ नळापाशी गेली.

"ताई, हा रस्सा आहे की समुद्र?"

काकूंनी वळून पाहुणीकडे पाहिलं.

"मी हॉलवाल्यांनाच सांगते. तू दमतेस आता. तू आपली छान साडी नेसून पुढच्या खुर्चीत बस." टाचण्या परत तोंडात गेल्या, म्हणजे निकाल लागला.

बहीण गेल्यावर काकू स्टुलावर बसल्या. खिशातली पळी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. पाहुणी दाराशी उभी, कान लाल.

"तुला खारट लागलं नाही?"

"लागलं."

"मग छान कशाला म्हणालीस?"

"आई ओरडली," पाहुणी पुटपुटली. एव्हाना तिच्या भाषेतलं पुस्तक गळून पडलं होतं. "म्हणाली, परक्याच्या घरी तोंड वेडंवाकडं करतेस, त्या बाईंना काय वाटत असेल? म्हणून मी रोज आरशासमोर बसून सराव केला. चमच्यात मीठ घेऊन. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून, काकू."

काकूंना हसू आलं आणि ते मध्येच अडकलं. "अगं, तेवढं एकच तोंड होतं माझ्याजवळ," त्या म्हणाल्या. "मला चव लागत नाही. दोन वर्षं झाली. वासही येत नाही. मी तुझ्या तोंडाकडे बघून मीठ घालते."

हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारलं होतं. पाहुणीनं बॅग शोधत असल्यासारखं इकडंतिकडं पाहिलं, मग भिंतीवरचा दुसरा एप्रन काढून गळ्यात अडकवला.

"उठा. पुन्हा करू."

"अगं, तिनं आत्तापर्यंत हॉलवाल्यांना..."

"उठा हो काकू."

दुपारभर दोघी शेगडीपाशी. पाहुणीनं सरावाचा चेहरा सोडून दिला आणि अडवलेले सगळे चेहरे एकदम बाहेर आले. "हा कुठला?" काकू विचारायच्या. "हा नवा दिसतोय." "बटाटा कच्चा आहे," पाहुणी म्हणायची. संध्याकाळच्या आत डबा घेऊन दोघी दुकानात गेल्या.

बहिणीनं चाखलं. पुन्हा चाखलं. मग डब्यातच चमचा ठेवून म्हणाली, "मग सकाळी काय झालं होतं?"

गुडघे, असं काकूंच्या जिभेवर आलं होतं. पण पाहुणी शेजारी उभी होती आणि तिचा चेहरा आता कुणासाठीच काही लपवत नव्हता. काकूंनी सांगून टाकलं.

बहीण बराच वेळ कापडाची कड नखानं सरळ करत राहिली. "म्हणजे माझ्या वाढदिवसाचा केक," ती अखेर म्हणाली.

"काय झालं होतं केकला?"

"काही नाही. साखरेऐवजी मीठ होतं. सगळ्यांनी दोन दोन तुकडे खाल्ले."

"आणि कुणी बोललं नाही?"

"तू किती हौसेनं वाढत होतीस, ताई." मग तिनं नाक ओढलं आणि आवाज पुन्हा निकालावर आणला. "हॉलवाल्यांना मी नको म्हणून सांगते. हंडा तूच लाव. पण ही पोरगी तुझ्या शेजारी पाहिजे. आणि हिनं छान म्हणायचं नाही."

रविवारी हॉलच्या स्वयंपाकघरात पाहुणी उलट्या खोक्यावर बसली होती, गळ्यात रुमाल, पुढ्यात वाडगी. काकू पळीनं वाढायच्या आणि तिच्याकडे बघायच्या. नाक फुगलं, रश्श्यातली आंबट फळं चार काढली. खिडकी, मीठ. पुन्हा खिडकी. "ह्या वेळी खरंच बाहेर बघत होते, बँडवाले आले," पाहुणी म्हणाली, तेव्हा टाकलेली चिमूट काढता येईना म्हणून एक तांब्या पाणी वाढवावं लागलं. शेवटी जीभ वरच्या ओठावरून फिरली. काकूंनी डोळे बारीक केले. "सरावाची की खरी?" पाहुणीनं वाडगा पुढे केला. "अजून थोडं."

पंगत बसली तशा दोघी दाराच्या फटीतून बघत राहिल्या. ऐंशी तोंडं. खिडकीबाहेर कुणी पाहिलं नाही, पाण्याकडे कुणी धावलं नाही. मामांचा डावा डोळा तेवढा मिटला आणि काकूंनी पाहुणीचा हात घट्ट धरला. "नाही हो," पाहुणी कुजबुजली, "ते मला डोळा मारतायत. नाचायला बोलावतायत." तिकडे भाचीनं तोंडभर रस्सा घेतला, दाराकडे वळली आणि नवरीच्या कपड्यांत, सगळ्यांसमोर, वाडगा उंच करून दाखवला.

मामांकडे जायच्या आधी पाहुणीनं एक वाडगा भरून आणला. "आता तुम्ही."

"मला काय गं, माती आणि रस्सा सारखाच."

"बसा. मी सांगते." ती खोक्यावर बसली, एक घास स्वतः घेतला, एक काकूंना दिला. "आधी खारट. थोडंच. आता आंबट येईल. आम्ही शाळेच्या वाटेवर मीठ लावून फळं खायचो, चोरून, तसं."

काकू चावत राहिल्या.

"थांबा, गिळू नका. आता मागून गोड येतंय. हळू येतंय. आलं."

काकूंनी डोळे मिटले. तोंडात ऊब होती, बाकी काही नाही. तरी थोड्या वेळानं त्यांनी वरच्या ओठावरून जीभ फिरवली आणि वाडगा पुढे केला.