खंडेनवमीचे हललेले फोटो

माझ्या वडिलांचा लोणावळ्याच्या बाजारात फोटो स्टुडिओ होता. नवी जोडपी, चिक्कीचे पुडे हातात धरलेली सहलीची पोरं, ओळखपत्राच्या फोटोसाठी आलेले रेल्वेचे लोक, सगळे त्यांच्यासमोर श्वास रोखून बसत. चांगला फोटो म्हणजे न हललेला फोटो, एवढी साधी त्यांची व्याख्या. फोटो हलला की त्यांचं जेवणसुद्धा बिनसायचं, आणि मग आमचंही.

आता ते ऐंशीच्या पुढे आहेत. हाताला कंप आहे. चहा दिला की कप बशीत वाजत वाजत त्यांच्यापर्यंत पोचतो. मोबाइल आले म्हणून स्टुडिओ बंद केला असं ते सगळ्यांना सांगतात. खरं कारण हात, पण ते आमच्या घरात बोलायचं नाही. म्हणजे मीच बोलायचं नाही, कारण आई गेल्यापासून तुंगार्लीच्या घरात आम्ही दोघंच असतो. मी तळेगावच्या एका शाळेत गणित शिकवते, त्यामुळे गप्प बसणं मला मुळात जमत नाही. या एका बाबतीत मात्र जमवलं आहे.

गेल्या श्रावणात एक मुलगी आमच्याकडे आली. जीन्स, पाठीवर भलीमोठी बॅग, आणि आल्या आल्या बाबांच्या पाया पडली. तळेगावात ती आणि तिचे मित्र जुन्या छायाचित्रांचं प्रदर्शन भरवणार होते. विषय असा की मावळातली जुनी शस्त्रक्रिया, जुनी यंत्रं आणि जुनी वाहतूक, आणि तेही सगळं काम चालू असताना टिपलेलं. "काका, तुमच्याकडे खजिना आहे असं ऐकलं," ती म्हणाली.

बाबांनी त्या दिवशी सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घातला होता. साठ वर्षं त्यांनी फोटो काढले, पण ते गिऱ्हाइकांच्या भिंतींवर लागले. "छायाचित्रकार" म्हणून खाली नाव लिहून एकही फोटो कधी कुठे लागला नव्हता. त्यांना ते प्रदर्शन हवं होतं. इतकं हवं होतं की त्यांनी पोह्यांना नावं ठेवली नाहीत.

त्यांनी पाकिटं काढली. प्रत्येकावर त्यांच्या सुरेख अक्षरात एकच शब्द होता, खंडेनवमी.

याचं कारण सांगायला हवं. एरवी फोटोग्राफरला कामाच्या जागी कोण उभं करतो? ऑपरेशनच्या खोलीत डॉक्टर घेत नाहीत, गिरणीत मालक वैतागतो, इंजिनांच्या शेडवर साहेब ओरडतो. पण खंडेनवमीला सगळी दारं उघडी. त्या दिवशी हत्यारं, अवजारं, यंत्रं, गाड्या, सगळं धुऊनपुसून त्यांची पूजा होते, झेंडूच्या माळा चढतात, आणि जो येईल त्याला पेढा मिळतो. बाबा सकाळच्या लोकलने तळेगावच्या एका दवाखान्यात जायचे, दुपारी मळवलीला उतरून भाजे गावातल्या भाताच्या गिरणीत, आणि संध्याकाळी लोणावळ्याला बँकर इंजिनांपाशी. बँकर म्हणजे घाट चढताना गाडीला मागून रेटणारी इंजिनं. वर्षानुवर्षं त्यांची ही फेरी ठरलेली.

आता गंमत अशी की पूजेच्या दिवशी अवजाराला हात लावायचा नाही. म्हणजे ज्या एका दिवशी फोटो काढता येई, त्या दिवशी नेमकं सगळं बंद. बाबांनी त्यावर तोड काढली होती. ते सगळ्यांना काम चालू असल्याचं सोंग आणायला लावायचे.

मुलगी एकेक फोटो बघू लागली आणि तिच्या भुवया वर चढू लागल्या. ऑपरेशन चाललं आहे, डॉक्टरांच्या हातात चाकू आहे, तोंडावर मास्क आहे, आणि मास्कच्या वर ठसठशीत कुंकवाचा टिळा. वरच्या दिव्याला झेंडूची माळ. टेबलावरचा पेशंट म्हणजे दवाखान्याचा वॉर्डबॉय, आणि त्याने फोटो काढताहेत म्हणून केस विंचरले आहेत. पुढच्या वर्षीच्या फोटोत तोच पेशंट डोळे उघडे ठेवून कॅमेऱ्याकडे बघून हसतो आहे. गिरणीच्या फोटोत मालक धुतलेल्या धोतरात, यंत्राच्या पट्ट्यावर हात टेकवून, लग्नातल्या व्याह्यासारखा उभा. इंजिनाच्या खिडकीतून ड्रायव्हर बाहेर वाकून निर्धाराने पुढे बघतो आहे, आणि त्याच्या पुढे केळीचे दोन खुंट बांधलेले आहेत.

मी इतकी हसले की मला ठसका लागला. बाबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"काका," मुलगी जपून म्हणाली, "फोटो फार सुंदर आहेत. पण हे सगळं बंद आहे."

"बंद कुठे? ऑपरेशन चाललंय की."

"काका, हा गिरणीवाला चालू पट्ट्यावर हात ठेवून उभा राहिला असता तर..."

बाबांच्या ते लक्षात आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आलं असावं. त्यांनी फोटो हातात घेतला, तो हातात थरथरला, त्यांनी चटकन खाली ठेवला. प्रदर्शन हातचं गेलं हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं, आणि मला त्या मुलीचा राग आला. बिचारीची काही चूक नव्हती.

"अजून असतील," मी म्हणाले आणि आत जाऊन कपाटाच्या तळाचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आले. मला वाटलं त्यातही खंडेनवमीचीच पाकिटं असतील. होतीही. फक्त ते बाबांचे वाया गेलेले फोटो होते. माणसाचा चेहरा फाडायचा नाही आणि जाळायचाही नाही, हा त्यांचा नेम. म्हणून जे फोटो हलले ते या डब्यात जात आणि पुन्हा कुणाला दिसत नसत. "तो नको!" असं ते म्हणेपर्यंत मुलीने झाकण उघडलं होतं.

पहिलाच फोटो तिने असा धरला की जणू तो ओला आहे. तीच ऑपरेशनची खोली, तीच माळ. पण डॉक्टरांच्या हातांच्या जागी नुसता पांढरा वेग. नर्स अर्धी वळलेली, तिच्या हातातली थाळी तीन ठिकाणी दिसणारी.

"हे कधीचं?"

बाबांनी डब्याचं झाकण परत लावायला घेतलं. मग मीच छेडलं, तेव्हा बोलले. त्या वर्षी सोंग ऐन रंगात आलं असताना अपेंडिक्सच्या कळांनी वाकलेल्या एका टांगेवाल्याला त्याचे भाऊबंद घेऊन आले. डॉक्टर वॉर्डबॉयला म्हणाले, "ऊठ रे," आणि कपाळाचा टिळा पुसून हात धुवायला गेले. पूजा झालेली हत्यारं देवापुढून उचलली, उकळली आणि वापरली. बाबा तिपाईसकट कोपऱ्यात अडकले. दार बंद झालं होतं. भूल द्यायच्या ईथरचा भडका उडेल म्हणून फ्लॅश लावायची सोय नव्हती, उजेड कमी, म्हणून कॅमेऱ्याचा पडदा बराच वेळ उघडा ठेवावा लागला. "मी हलू नका म्हणणार कसा?" बाबा म्हणाले. "डॉक्टर हलले नसते तर तो मेला असता." टांगेवाला ठणठणीत बरा झाला आणि पुढे कित्येक वर्षं बाबांना स्टेशनवरून फुकट न्यायचा, हेही मला त्या दिवशीच कळलं.

डब्यात गिरणीही होती. पूजा झाली की मालक शकुनाला म्हणून पसाभर भात यंत्रात टाकून क्षणभर गिरणी चालवायचा. त्या फोटोत पट्टा दिसतच नव्हता, नुसता धूसर काळा ओघ, आणि सगळीकडे कोंडा उडालेला. इंजिनाचा एक होता, माळांसकट निघून चाललेला. घाटाखाली मेल खोळंबली होती आणि ती काही नवमीसाठी थांबणार नव्हती.

"काका, मला हे हवेत," मुलगी म्हणाली.

"हे मिळणार नाहीत."

मग तिने विनवलं, मी समजावलं, मग मी चिडले. ते तसेच. शेवटी ती अंगणात फोनवर बोलायला गेली तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "लोक काय म्हणतील? म्हाताऱ्याचा हात थरथरतो, म्हणून असे फोटो आले."

आमच्या घरात हाताचा विषय निघाला होता आणि तो त्यांनीच काढला होता. मी त्यांचा हात हातात घेतला. तो माझ्या हातात धडधडत राहिला, आणि मला त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली की मी थोडी दमदाटीच केली. "बाबा, तेव्हा हात हलत नव्हता ना? मग तसं लिहून लावा खाली. सरळ."

त्यांना ते पटलं. मुलगी आत आली तेव्हा त्यांनी अटी घातल्या. प्रत्येक हललेल्या फोटोशेजारी त्याच जागेचा न हललेला फोटो लागला पाहिजे, आणि दोन्हींच्या मध्ये त्यांनी सांगितलेली पाटी. पाटीचा मजकूर त्यांनी उभं राहून सांगितला: "छायाचित्रकाराचा हात हललेला नाही. समोरचे काम हललेले आहे." मुलीने तो हसू दाबून लिहून घेतला. मला दाबता आलं नाही.

प्रदर्शन आश्विनात, दसऱ्याच्या आधी भरलं. गर्दी अशी की चपला कुठे काढल्या ते नंतर शोधावं लागे. सोंगाच्या फोटोंपुढे लोक पोट धरून हसत होते, आपापल्या मामा-काकांना ओळखत होते. बाबा मात्र हललेल्या फोटोंच्या बाजूला खुर्ची घेऊन पहाऱ्यावर बसले होते. कुणी जवळ आलं की बोटाने पाटी दाखवायचे.

दुपारी भाज्याचे गिरणीवाले आले. आता पार वाकलेले, नातसुनेच्या आधाराने चालत. नातसुनेने हललेल्या फोटोवर बोट नेलं, "आबा, हे तुमी का?" तशी म्हाताऱ्याने तिचा हात खसकन मागे ओढला.

"लांब कर हात! पट्टा हाय त्यो!"

आजूबाजूचे हसले. म्हाताराही हसला, पण हात काही त्याने लगेच सोडला नाही. मग त्याला बाबा दिसले.

"भाऊ, ह्यो तुमी काडलाता व्हय? मला कदी दाखवला न्हाई!"

"हलला होता," बाबा म्हणाले. "तुम्हाला चांगला दिला होता की."

"दिलाता. घरात लावलाय त्यो. पर त्यात मी लय मेल्यावानी दिसतो. नातवंडं म्हंत्यात, आबा, ह्याला हार घालायचा का?"

बाबांना राग येईल असं मला वाटलं. ते आधी गंभीर झाले, मग त्यांचे ओठ हलले, आणि मग दोघेही म्हातारे एकमेकांच्या दंडाला धरून हसत सुटले. त्यानंतर बाबांनी कुणालाच पाटी दाखवली नाही. चहा आला तो त्यांनी चारचौघांत घेतला. कप वाजला तर वाजू दिला.

दुसऱ्या दिवशी तळेगावला जाताना लोकलमध्ये ते खिशावर हात ठेवून बसले होते. मला वाटलं गोळ्या आहेत. सभागृहात पोचताच त्यांनी खिशातून एक लहान फोटो काढला आणि मुलीला दिला. "हाही लाव. जागा असेल तर."

मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. गिरणीच्या ओट्यावर आई बसली होती. मांडीत झेंडूचा ढीग, हातात सुई-दोरा, आणि ती हसत होती, तोंड पूर्ण उघडून, मान मागे टाकून. चेहरा थोडा पुसलेला. आईचे सगळे चांगले फोटो आमच्या घरात आहेत आणि त्या सगळ्यांत ती शाळा तपासायला आलेल्या बाईंसारखी ताठ आहे. हा मी कधी पाहिलाच नव्हता. एका वर्षी बाबांनी तिला फेरीला बरोबर नेलं होतं, इतकंच त्यांनी सांगितलं.

"काका, इथे काय हललं?" मुलीने पाटीसाठी विचारलं.

"इथं माझाच हात हलला," बाबा म्हणाले. "मी पण हसत होतो."

मुलीने तो गिरणीच्या फोटोशेजारी लावला. बाबा ओळखीच्या माणसांत जाऊन बसले, आणि मला पुढच्या तासाला शाळेत पोचायचं होतं ते विसरून मी तिथेच उभी राहिले. आई हसायला लागली की तिचे खांदे हलायचे. मी ते विसरून गेले होते.