टार्गेटातली फळी

गादीवाल्याला मैदानावर सगळे चिंधीशेठ म्हणायचे. कुणाच्या घरी फाटकी चादर निघाली, उसवलेली उशी निघाली, टीव्हीच्या खोक्यातला फोम निघाला, की हा दारात हजर. "टाकू नका हो, मला द्या," म्हणायचा आणि पोतं खांद्यावर मारून मैदानाची वाट धरायचा. बायको वैतागायची. "लोकांचा कचरा गोळा करत फिरता, मला तोंड दाखवायला जागा ठेवलेली नाही," म्हणायची. हा आपला हसायचा. लेकीचा सगळा सराव त्या कचऱ्यावर चालला होता.

लेक तिरंदाज. आता अख्ख्या घराण्यात कुणी कधी धड गोटी नेम धरून मारली नव्हती, आणि ही पोरगी शाळेबरोबर एकदा मैदानावर गेली काय आणि तिथलीच झाली काय. लांब पल्ल्याचं टार्गेट मैदानावर एकच होतं, लाकडी घोडीवर टेकवलेला फोमचा जाडजूड ठोकळा. नवीन घ्यायला पैसे नाहीत, हे कोच दर वर्षी त्याच सुरात सांगायचे. मग डागडुजी आपसूक गादीवाल्याच्या गळ्यात पडली, आणि खरं सांगायचं तर त्याला ती हवीच होती. दिवसभर दुकानात लोकांच्या पाठीसाठी राबायचं, संध्याकाळी लेकीसाठी.

टार्गेट कडेला कधी खराब होत नाही, मधेच मरतं. जितका तिरंदाज चांगला, तितकं लवकर. गादीवाला मधला झिजलेला फोम चौकोनी कापून काढायचा, त्या भोकात चिंध्या ठासायचा, वरून गोणपाट ताणून दाभणानं शिवायचा. दाभणाचं नेढं त्याला हल्ली दिसेनासं झालं होतं. तो न बघताच दाभण आणि सुतळी लेकीपुढे धरायचा, ती ओवून परत द्यायची, आणि दोघांचं बोलणं चालूच राहायचं. बापलेकीला एकमेकांसाठी वेळ मिळायचा तो एवढाच.

त्या वर्षी पोरीची निवड चाचणी होती. निवड झाली तर मोठ्या प्रशिक्षण केंद्रात राहणं, शिकणं, सगळं त्यांच्याकडे. नाही झाली तर वय निघून जाणार, पुन्हा संधी नाही. पोरगी दिवसरात्र तेच बोलायची. आणि नेमकं तेव्हाच टार्गेटानं राम म्हटलं. चिंध्या ठासाव्यात, दोन दिवसांत त्यांचा भुगा व्हावा, बाण आरपार जाऊन मागच्या भिंतीवर आपटावेत. कोचनी गादीवाल्याला बाजूला घेतलं.

"शेठ, हे काही खरं नाही. भिंतीपलीकडे रस्ता आहे. आणखी एक बाण आरपार गेला की मला हे टार्गेट काढावं लागेल."

"चाचणी तोंडावर आली आहे हो सर."

"मला का कळत नाही? पण कुणाला लागलं तर?"

गादीवाला घरी आला आणि त्यानं तेच केलं जे तो जन्मभर करत आला होता. गादीला झोळ पडला की खाली फळी सरकवायची. गिऱ्हाईक खूश, गादी आणखी दोन वर्षं जाते. त्यानं माळ्यावरून जुन्या पलंगाची फळी काढली, बेताची कापली आणि पहाटे मैदानावर जाऊन टार्गेटाच्या पोटात बसवली. पुढून चिंध्या, मागून चिंध्या, वरून गोणपाट. देवाला माहीत आणि याला माहीत.

बाण थांबले. कोचनी पाठ थोपटली, "शेठ, मानलं तुम्हाला." बाकीच्या पोरांचे आईबाप येऊन बघून गेले. गादीवाल्याची छाती फुगली. पोरगी मात्र दोनचार बाण मारून त्याच्याकडे आली.

"बाबा, आवाज बदललाय. आधी धप व्हायचा, आता ठक होतोय."

"नवीन भरण आहे, अजून बसलं नाही."

"आत कडक काही घातलं नाहीत ना?"

"छे गं. चिंध्याच आहेत."

एवढंच. बाण कडक वस्तूवर आपटला तर काय करायचं हे तिला पाठ होतं. बाणाची कार्बनची नळी दोन्ही हातांनी जराशी वाकवायची, कानाशी धरायची, करकर ऐकू आली की बाण मोडीत. डोळ्यांना न दिसणारा तडा आत असतो, आणि असा बाण सुटतानाच फुटू शकतो. गादीवाल्यानं हे तिच्याच तोंडून ऐकलं होतं. पण कोचपुढे फळीचं नाव काढलं की सराव बंद, आणि नुकती थोपटलेली पाठ अजून ऊबदार होती. ठक आवाज त्यालाही रोज ऐकू येत होता. तो कानाडोळा करत राहिला.

चाचणीच्या आधीच्या आठवड्यात पोरीनं दोरी सोडली आणि बाण धनुष्यातच फुटला. काळ्या नळीच्या चिरफाळ्या तिच्या डाव्या तळहातात, अंगठ्याच्या मुळाशी घुसल्या. ती नुसती हाताकडे बघत उभी राहिली. गादीवाला चिंध्यांचं पोतं घेऊन फाटकातून आत येत होता. त्यातल्याच एका चादरीनं त्यानं तिचा हात बांधला.

डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा हात उघडून कुसळं काढली. जखम भरली, अंगठा मात्र मिटेना. धनुष्याचा सगळा जोर अंगठ्याच्या बेचक्यात येतो, आणि तिथं नुसतं टेकवलं तरी पोरगी कळवळायची. चाचणी होऊन गेली. बायको म्हणायची, बाणच खराब निघाला, नशीब आपलं. गादीवाला जेवत्या ताटावरून उठायचा. आपण पोरीच्या हातावर सुरी चालवली, हे त्याला झोपेतही कळत होतं.

शेवटी तो एका दुपारी मैदानावरच्या शेडमध्ये गेला आणि त्यानं टार्गेट उसवलं. फळी बाहेर काढली. बाणांच्या टोकांनी पडलेल्या खळग्यांनी ती मधोमध चाळणी झाली होती, आणि कडेला एक ओरखडासुद्धा नव्हता. तो ती पुढ्यात घेऊन तिथंच बसला.

"फळीच होती ना?"

लेक दारात उभी होती. किती वेळची, कुणास ठाऊक.

"मला आवाजावरून वाटलं होतं," ती म्हणाली. "पण तुम्ही नाही म्हणालात. मग म्हटलं, आपलाच कान चुकतोय. म्हणून बाण तपासले नाहीत."

ती शेजारी बसली. फळी तिनं मांडीवर ओढली आणि डावा पंजा खळग्यांवर ठेवला. सगळे खळगे त्या पंज्याखाली झाकले गेले. अंगठा तेवढा बाजूला ताठ राहिला.

"बरी मारत होते की मी," ती म्हणाली.

बाहेर धाकटी पोरं जमायला लागली, टार्गेट कुठाय म्हणून विचारू लागली. गादीवाल्यानं फळी भिंतीकडे सरकवली आणि चिंध्या पुढ्यात ओढल्या. हाताला काहीतरी हवं होतं. दाभण आणि सुतळी त्यानं सवयीनं, न बघताच, तिच्यापुढे धरली.

तिनं घेतली. डाव्या हातात दाभण धरायला गेली, ते निसटलं. पुन्हा उचललं, पुन्हा निसटलं. मग तिनं दाभण आणि सुतळी दोन्ही उचलून त्याच्या मांडीवर ठेवली आणि ती घरी निघून गेली.