नोटबुर्गाचा बँड

संस्थानाची राजधानी वाडुझ; तिथल्या सरकारी इमारतीत गेबहार्ट फ्रोमेल्ट एकतीस वर्षं शिपाई होता. संस्थानाचं मंत्रिमंडळ पाच जणांचं, आणि जवळजवळ पन्नास वर्षं त्यात लाल आणि काळे असे दोन्ही पक्ष मांडीला मांडी लावून बसत आलेले. मंगळवारच्या बैठकीत गेबहार्ट एका आठवड्याला लालांकडून कॉफी द्यायला सुरुवात करी, पुढच्या आठवड्याला काळ्यांकडून. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. म्हणूनच तो कधी मोडला गेला नाही.

गावात मात्र युती नव्हती. तिथे लालांचा बँड वेगळा, काळ्यांचा वेगळा, आणि माणूस गेलं की ज्याचा त्याचा बँड कबरीपाशी वाजवी. गेबहार्टचं घराणं काळं; तो स्वतः काळ्यांच्या बँडात कर्णा फुंकी. बायको नोटबुर्गा लालांची लेक. तिचे वडील लालांचा ढोल वाजवत. लग्नानंतर ती काळी झाली, असं सगळे धरून चालले. तिला कुणी विचारलं नाही. शहाऐंशी साली बायकांनी संसदेसाठी पहिल्यांदाच मत दिलं, तेव्हा गेबहार्टने विचारलं.

"कुणाला दिलंस गं?"

"गुप्त असतं म्हणे. पुढच्या खेपेला सांगेन."

पुढची खेप आली नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात हॉस्पिटलच्या खाटेवर तिने त्याचा हात धरला. "बाबांच्या बँडला सांग हं. तुझ्या लोकांना वाईट वाटेल, तर वाटू दे."

"सांगतो."

ती गेल्यावर तो लालांचा बँडमास्तर ऑस्वाल्ड निग याच्या दारात उभा राहिला. वाक्य पाठ केलेलं होतं. पण तोंडून भलतंच आलं, "तुम्ही दोन्ही बँड मिळून काय ते ठरवा. माझी कशाला हरकत नाही." मग काळ्यांचा बँडमास्तर क्विरिन वोल्फिंगर याच्याकडे जाऊन तो तेच बोलला. शब्दसुद्धा तेच.

शुक्रवारी पाचही मंत्री आले. दोन्ही बँडांतली चाळीस-पंचेचाळीस माणसं आली, साध्या कोटात, रिकाम्या हातांनी. पाद्रीबाबांची प्रार्थना संपली. ते थांबले, एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. कुणी हललं नाही. शवपेटी खाली जाताना दोर पेटीच्या कडेला घासत होते, तेवढाच काय तो आवाज.

फाटकाशी क्विरिन म्हणाला, "लेक त्यांची. म्हटलं, मान त्यांचा. आपण मध्ये पडलो नाही."

"आणि आम्ही म्हटलं," ऑस्वाल्ड म्हणाला, "बायको तुझी, तू त्यांच्यातला. आम्ही वाजवलं तर तुझी पंचाईत. तुझ्यासाठी गप्प बसलो बघ, गेबहार्ट."

गेबहार्टने दोघांचे आभार मानले, एकाचे मग दुसऱ्याचे, सारखेच.

ऑस्वाल्ड घुटमळला. "तिची स्वतःची काही इच्छा होती का रे?"

दोघेही त्याच्याकडे बघत होते.

"नाही," गेबहार्ट म्हणाला. "तसं काही बोलली नव्हती."